गुणाबाईनं सांगितलं नाही

पनवेलला उरण नाक्याच्या मासळी बाजारात गुणाबाई ज्या ओट्यावर बसायची, तिथून आमची लॅब हाकेच्या अंतरावर होती. जुन्या इमारतीचा पहिला मजला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत रक्त घ्यायचं, मागच्या खोलीत तपासायचं. मी तिथे तंत्रज्ञ होते. सकाळची नमुन्यांची गर्दी ओसरली की दहाच्या सुमाराला खाली उतरून तिच्याकडून मासे घ्यायचे, अशी माझी बरीच वर्षांची सवय.

तिच्या टोपलीत पापलेट-सुरमई नसायची. खाडीची मासळी असायची. बोयी, निवट्या, करंदी, एखादवेळी चिंबोऱ्या. अंगानं काटक, कपाळावर मोठं गोंदण, आवाज घोगरा. गिऱ्हाईकाशी ती गोड बोलत नसे, पण फसवतही नसे. "नीताबाय, आज बोय नको नेऊ. कालची हाय," असं ती मला शेजारणींच्या देखत सांगायची आणि शेजारणी तिच्याकडे रागानं बघायच्या.

नवरा काशिराम तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. तरुणपणी होडीवर जायचा. खाडीत मासळी कमी झाली तसा बंदरात नोकरीला लागला आणि पुढे मुकादम झाला. उंच, भरदार माणूस. मिशा काळ्या करायचा, शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवायचा. त्यांना दोन मुलं. थोरली किशोरी, तिचं लग्न होऊन ती उरणकडे गेली होती. धाकटा प्रितेश.

प्रितेशच्या जन्मानंतर वर्षभरानं गावात कुटुंब नियोजनाचं शिबिर झालं होतं. नर्सनं काशिरामला बाजूला घेऊन सांगितलं, की पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं, दुसऱ्या दिवशी माणूस कामाला जातो. काशिराम म्हणाला, "मना होडी ओढावी लागते. माजा जोर गेला तर घर काय खाईल?" म्हणून चोवीस वर्षांच्या गुणाबाईचं ऑपरेशन झालं. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही त्यात विचारण्यासारखं काही असतं असं तेव्हा मानलं नव्हतं.

२००४ च्या डिसेंबरात प्रितेश उरण रस्त्यावर कंटेनरच्या मागच्या चाकाखाली गेला. एकवीस वर्षांचा होता. गुणाबाई महिनाभर बाजारात आली नाही. आली तेव्हा पूर्वीसारखीच बसली, फक्त तोंडातून शब्द काढेना.

सहा महिन्यांनी एका दुपारी काशिराम जेवताना म्हणाला, "घराला पोरगा पायजे."

"आता कुठून आनू?" गुणाबाई म्हणाली.

"तू बंद करून बसलीस. मी नाय बसलो."

ही वाक्यं तिनं मला जशीच्या तशी सांगितली होती. तेव्हा नव्हे, खूप नंतर. या गोष्टीतलं घरातलं जे काही आहे ते सगळं तिनंच सांगितलेलं आहे. सांगताना तिनं स्वतःला कुठे वाचवलं नाही.

काशिराम त्रेपन्न वर्षांचा होता. मुलगी बघायला गुणाबाईच गेली. करंज्याच्या बाजूला एका गावात चंद्रावती नावाची मुलगी होती. बाप नाही, दोन भावांची लग्नं आधी झाली, हिचं राहून गेलं. सातवी शिकलेली, सत्तावीस वर्षांची. "सत्तावीस म्हंजे आमच्यात पोरीचं सुकट झालं," गुणाबाई म्हणाली होती. त्रेपन्न वर्षांच्या काशिरामला मात्र भाऊ 'नोकरीवाला' म्हणाले. गुणाबाईनं मुलीचे हात बघितले, दात बघितले, पाळी वेळेवर येते का ते विचारलं. मग होकार दिला. एका देवळात चार माणसांत हार घातले गेले. नोंदणी-बिंदणीचा प्रश्नच नव्हता.

चंद्रावती घरात आली ती गुणाबाईला 'मोठीबाय' म्हणू लागली. कामाला वाघीण होती. पहाटे उठून पाणी भरायची, करंदी सोलायची, गुणाबाईची टोपली बाजारापर्यंत आणून द्यायची. मी तिला पहिल्यांदा तिथेच पाहिलं. गोल चेहऱ्याची, हसताना तोंडावर पदर धरणारी.

दोन वर्षं गेली. काही झालं नाही.

काशिराम दर महिन्याला गुणाबाईलाच विचारायचा, "बसली का बाहेर?" बसली म्हटलं की ताट सरकवून उठायचा. कोळीवाड्यातल्या बायका चंद्राच्या पोटाकडे बघून बोलू लागल्या. कुणी तिला अंगारा दिला, कुणी झाडपाला. शेवटी गुणाबाईनं तिला पनवेलच्याच एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी चंद्राला तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त आमच्याकडे पाठवलं. सगळं ठीक निघालं. मग त्या म्हणाल्या, "आता नवऱ्याची तपासणी. त्याशिवाय मी एक गोळी देणार नाही."

काशिरामला यायला चार महिने लागले. गुणाबाईनं त्याला सांगितलं, की नोकरीला लागताना मेडिकल होतं तसंच असतं, सगळ्यांचंच करतात. तो काळा चष्मा लावून आला, माझ्याकडे न बघता डबी घेतली, न बघता परत दिली.

नमुना मी तपासला. शुक्राणूंचा आकडा कमी होता. पण आकड्यापेक्षा वाईट होती ती हालचाल. शंभरातले दहा-बारा कसेबसे पुढे सरकत होते, बाकीचे जागच्या जागी वळवळत होते, पुष्कळांचे आकार बिघडलेले. मी दोनदा बघितलं, रिपोर्ट टाइप केला, आमच्या डॉक्टरांची सही घेतली.

रिपोर्ट ज्याचा त्यालाच द्यायचा असा नियम होता. दुसऱ्या दिवशी गुणाबाई आली. हाताला लिंबू चोळून, लुगडं बदलून. मी लिफाफा तिच्या हातात ठेवला. बायको आहे, घरी नेऊन देईल, असा विचार केला. ही २००७ सालची गोष्ट.

ती लिफाफा घेऊन घरी गेली नाही, सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी वाचलं आणि तिला खुर्चीवर बसवलं.

"तुमच्या मिस्टरांचं वय काय?"

"पंचावन."

"साखर आहे?"

"हाय. तंबाखू पन हाय."

बाई म्हणाल्या, "बाईची पाळी जाते म्हणून तिचं वय सगळ्यांना दिसतं. पुरुषाला तसं काही नसतं, म्हणून त्याचं कुणी मोजत नाही. त्याचा दरवाजा एकदम बंद होत नाही हे खरं. पण पंचेचाळिशीनंतर बीज उतरायला लागतं. दिवस राहायला वेळ लागतो, आणि राहिले तरी गर्भ पडायची भीती वाढते. त्यात साखर आणि तंबाखू. या पोरीत काही दोष नाही. तिला औषध देऊन उपयोग नाही, त्यांना द्यायला हवं."

"माजा प्रितेश झाला तवा?"

"तेव्हा ते तीस-एकतीसचे होते."

बाईंनी उपायही सांगितला. तंबाखू बंद, साखर ताब्यात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तरी नाही झालं तर मुंबईला मोठा उपचार असतो. "त्यांना माझ्याकडे घेऊन या. मी समजावून सांगते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

गुणाबाई घरी आली. काशिराम पायरीवर बसून जाळ्याची गाठ सोडवत होता. जाळं आता कामाचं नव्हतं, तो सवयीनं सोडवायचा. चंद्रा आत तांदूळ निवडत होती.

"काय आलं?" त्यानं विचारलं.

गुणाबाई म्हणाली, "तुमचं बरोबर हाय."

एवढंच. काशिरामनं मान हलवली, जणू त्याला ते आधीच ठाऊक होतं. मग आत बघून मोठ्यानं म्हणाला, "ऐकलंस का गो?" तांदळाच्या सुपाचा आवाज थांबला.

दोन महिन्यांनी काशिराम साखर तपासायला आमच्याकडे आला. रक्त देताना हसत म्हणाला, "आमचा तो रिपोर्ट तर फर्स्ट क्लास होता, ना मॅडम?"

सुई माझ्या हातात होती. माझ्या लक्षात आलं, की याला माहीत नाही. तिथेच सांगता आलं असतं. रिपोर्ट त्याचा, विचारणारा तो. मी म्हणाले, "गुणाबाईंकडे दिलाय," आणि कापूस दाबून धरायला सांगितलं. बाहेर बाकावर आणखी चार माणसं बसली होती. मला वाटलं, हा त्यांच्या घरातला मामला आहे.

त्यानंतर गुणाबाईनं डॉक्टर बदलला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा निरोप पाठवला, तिनं लक्ष दिलं नाही. चंद्राला तिनं दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं आणि सांगितलं, नवऱ्याचं चांगलं आहे, कागद हरवला. तिथल्या डॉक्टरनं कागद मागितला नाही. गोळ्या सुरू झाल्या, इंजेक्शनं सुरू झाली. चंद्रा दर महिन्याला रक्त द्यायला माझ्याकडे येऊ लागली. तिच्या दंडावर शीर सापडेनाशी झाली. गोळ्यांनी तिला अंगातून वाफा यायच्या, डोकं दुखायचं. गर्भाशयाच्या नळ्यांची तपासणी झाली तेव्हा ती टेबलावर ओरडली. गुणाबाई बाहेर बाकावर मिशेरी लावत बसली होती. नळ्या मोकळ्या निघाल्या. गुणाबाईनं घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हनतो, बघू."

घरात चंद्राची जागा हळूहळू खाली सरकत गेली. आधी काशिरामच्या ताटाशेजारी तिचं ताट असायचं, ते चुलीपाशी गेलं. शेजारच्या घरी बारसं होतं, तिथे गुणाबाईनं तिला पाळण्याजवळ जाऊ दिलं नाही. सगळ्या बायकांसमोर तिचं मनगट धरून मागे ओढलं आणि म्हणाली, "तू लांब बस." चंद्रा बाहेर चपलांपाशी बसून राहिली. तिला ताटात वाढून आणलेल्या घुगऱ्या तिनं पदरात बांधून घरी आणल्या आणि कोंबड्यांना टाकल्या.

२००९ मध्ये चंद्राला दिवस गेले. रक्ताची तपासणी मीच केली. मी तिला म्हणाले, "चंद्रा, आहे बघ." ती बाकावर बसली आणि पदर तोंडावर धरून खूप वेळ हसत राहिली.

दोन महिने काशिराम तिच्यासाठी सफरचंदं आणत होता. गुणाबाई ती कापून द्यायची. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पाणी भरताना चंद्राचं पोट दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत सगळं गेलं. दवाखान्यात पिशवी धुतली. तिसऱ्या दिवशी गुणाबाईनं तिला करंदी सोलायला बसवलं.

काशिरामनं सफरचंदं आणणं बंद केलं. मग गुणाबाईला म्हणाला, "हिच्यात काय ठरत नाय."

गुणाबाई म्हणाली, "होडी गळकी हाय. पानी कसं ठरेल?"

तेव्हापासून चंद्राचं नाव 'गळकी' पडलं. आधी घरात, मग कोळीवाड्यात. "ए गळके, टोपली आन." मी ते बाजारात माझ्या कानांनी ऐकलं. चंद्रानं टोपली आणून ठेवली. हाक कुणाला मारली होती याबद्दल तिला शंका नव्हती. मी करंदी घेतली आणि वर आले.

दुसऱ्यांदा पुढच्या वर्षी दिवस राहिले आणि पुन्हा गेले. या वेळी रक्त थांबलं नाही, ताप चढला. चंद्रा अंथरुणात कुडकुडत होती. गुणाबाई म्हणाली, "सगल्याच बायांना होतं. काढा घे." चार दिवस तिनं तिला दवाखान्यात नेलं नाही. पाचव्या दिवशी किशोरी माहेरी आली, तिनं कपाळाला हात लावून बघितला आणि रिक्षा बोलावली. पुन्हा पिशवी धुतली, पंधरा दिवस औषधं चालली. किशोरी आईला म्हणाली, "आई, मेली असती ना ती."

काशिराम तेव्हा अठ्ठावन्नचा. साठीला नोकरी संपणार होती आणि त्याला घाई झाली होती. २०११ च्या सुरुवातीला त्यानं चंद्राच्या भावाला बोलावून घेतलं. "तुझी बहीन घेऊन जा. मना दुसरी बघायची हाय." भावानं चार शब्द बोलून बघितले, पण लग्नाचा कागद नव्हता, मूल नव्हतं. चंद्रानं आपली दोन लुगडी आणि एक स्टीलचा डबा घेतला. निघताना ती गुणाबाईच्या पाया पडली. गुणाबाईनं हात डोक्यावर ठेवला नाही. ती भाकरी थापत होती.

पाच-सहा महिन्यांनी चंद्रा लॅबमध्ये आली. एकटीच. नेऱ्याकडच्या एका बिजवराचं स्थळ भावानं आणलं होतं. चाळिशीचा, बायको वारलेली, मूल नाही. त्याच्या घरच्यांची अट होती, की आधी तपासणी करा, मगच बोलणी. चंद्रा आपण होऊन त्या पहिल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, कारण तिला दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं. बाईंनी दुर्बिणीतून तपासलं. पिशवी आतून चिकटली होती. दोनदा धुतल्यामुळे आणि तो ताप अंगावर काढल्यामुळे. बाईंनी तिला विचारलं, "तुझ्या नवऱ्याचा उपचार केला होता का मधल्या काळात?" चंद्रा म्हणाली, त्यांचं तर चांगलं होतं. बाई म्हणाल्या, "लॅबमधून तुझे सगळे जुने कागद आण."

मी कपाटातून फाइल काढली. जोडप्याची फाइल आम्ही एकच ठेवायचो. चंद्राचे चार वर्षांचे रिपोर्ट आणि तळाशी काशिरामचा एक. तो मला काढून ठेवता आला असता. नियमानं काढायलाच हवा होता. मी काढला नाही. फाइल तशीच तिच्या पुढ्यात ठेवली.

तिनं एकेक कागद उलटला. शेवटच्या कागदावरचं नाव ओठ हलवत वाचलं.

"ह्यो त्यांचा?"

"हो."

"काय लिवलंय?"

मी तिला सांगितलं. दहा मिनिटं लागली. वय, साखर, तंबाखू. दिवस का राहत नव्हते आणि राहिलेले का टिकत नव्हते, त्यात त्याच्या बाजूचा वाटा किती असू शकतो. मी हेही सांगितलं, की त्याच्या बाजूचा काही उपाय करून बघता आला असता. तिनं मला एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "ह्ये कोनाला ठाऊक होतं?"

"गुणाबाईंना."

"आनि तुमाला."

"हो," मी म्हणाले.

तिनं कागद घडी करून पोलक्यात खोचला आणि जिना उतरली. मी तिच्या मागे गेले. का गेले ते मला माहीत नाही.

बाजारात दुपारची पांगापांग होती. गुणाबाई एका गिऱ्हाइकाची बोय साफ करत होती. चंद्रा तिच्या ओट्यासमोर उकिडवी बसली आणि कागद उलगडून पुढे धरला.

"मोठीबाय, ह्यो कागद तुमी नेलता?"

गुणाबाईनं बघितलं. "हा."

"यात काय हाय, तुमाला ठाऊक होतं?"

"डॉक्टरनीनं सांगतलं होतं."

"मंग?"

"मंग काय. मी नाय सांगतलं."

गिऱ्हाईक बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. गुणाबाईनं माशाचं पोट चिरलं, आतलं काढून बाजूला टाकलं.

"मी गळकी होते का?"

"नाय."

"आता झाले," चंद्रा म्हणाली. "पिशवी चिकटली हाय. त्या तापानं. नेऱ्याचं स्थळ आता काय होत नाय."

गुणाबाईनं बोय धुतली, कागदात बांधली आणि गिऱ्हाइकाला दिली. मग कोयता ओट्यावर ठेवून पहिल्यांदा चंद्राकडे नीट बघितलं. तिच्या तोंडात काहीतरी आलं होतं असं मला वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "जेवलीस का?"

चंद्रा उठली आणि कोळीवाड्याच्या वाटेनं चालू लागली. तिथे काशिराम घरीच होता. तिनं कागद त्याच्या हातात दिला, त्यात काय आहे ते मी सांगितलं होतं तसं सांगितलं आणि करंज्याला जाण्यासाठी स्टँडवर परत आली. काशिरामनं तिला काय उत्तर दिलं, असं मी पुढे तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "ते म्हनाले, खोटं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लॅबमध्ये आला. नावात घोळ झालाय, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट माझ्या नावावर घातलात, असं म्हणाला. मी म्हटलं, पुन्हा तपासून घ्या, आमच्याकडे नको, वाशीला जाऊन घ्या. तो गेला. तिथला निकाल आमच्या चार वर्षांपूर्वीच्या निकालापेक्षा वाईट आला. तिथल्या डॉक्टरनं त्याला वय विचारलं आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी गुणाबाईला जे सांगितलं होतं तेच सांगितलं.

काशिरामला चंद्राची आठवण झाली नाही. तिला परत आणावं, निदान तिच्या भावापुढे चार शब्द बोलावेत, असं त्याच्या मनात आलं नाही. त्याला झोंबलं ते वेगळंच. घरी येऊन तो गुणाबाईला म्हणाला, "चार वरसं तू मना हसत होतीस."

"हसले नाय," गुणाबाई म्हणाली.

नवी मुलगी बघण्याचा विषय त्या दिवशी संपला. पण कोळीवाड्यात त्याला काहीतरी सांगणं भाग होतं, कारण नेऱ्याचं स्थळ मोडलं तशी त्या रिपोर्टची गोष्ट बाहेर फुटली होती. त्यानं सांगितलं, की गुणाबाईनं सवतीमत्सरानं त्याला जेवणातून काहीतरी घातलं. वर्षानुवर्षं घातलं. म्हणून त्याचं असं झालं, नाहीतर त्याच्या बापाला साठीत पोर झालं होतं. लोकांना ते पटलं. पुरुषाचं बीज वयानं उतरतं, यापेक्षा बायकोनं काहीतरी खायला घातलं हे त्यांना जवळचं वाटलं. बायका तिच्या घरचं पाणी पिईनाशा झाल्या. हळदीला तिला कुणी बोलावेना. किशोरीनं मुलांना सुट्टीत आजीकडे पाठवणं बंद केलं. ती खाण्यात घालण्यावर विश्वास ठेवणारी नव्हती. तिनं कारण वेगळं सांगितलं. "आई, त्या पोरीला तू जाळलंस. माजी पोरं मी तुझ्याकडे नाय ठेवनार."

गुणाबाईनं कुणाला काही सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना चार लोकांत खरं कारण सांगायला लावलं असतं तर तिच्यावरचा आळ जाण्यासारखा होता. ती म्हणाली, "आता कशाला."

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर एकदा बाजार रिकामा असताना मी तिच्या ओट्याच्या कडेला बसले आणि विचारलं, "का केलंत असं?"

ती बराच वेळ मासळीवर पाणी शिंपडत होती.

"पैल्यांदा वाटलं, यांना लाज वाटेल," ती म्हणाली. "पोरगा गेलेला मानूस. म्हनून नाय सांगतलं. मंग ती रडायला लागली. चुलीपाशी बसून रडायची. आनि मना बरं वाटायचं, नीताबाय. खोटं कशाला बोलू. माजं पोट बंद केलं, मंग मनाच बोलले, तू बंद केलंस. माजा पोरगा गेला आनि हिला नटवून आनली माज्याच हातानं. ती रडली का मना झोप लागायची."

"आणि तो ताप?"

"तापाचं मना कललं नाय येवढं होईल," ती म्हणाली. मग शिंपडणं थांबवून म्हणाली, "कललं असतं तरी नेलं असतं का, सांगता येत नाय."

चार वर्षं मी दर महिन्याला त्याच मुलीची शीर शोधत होते.

२०१४ साली काशिरामला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. नोकरी संपली होती, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याला उठवणं, धुणं, भरवणं सगळं गुणाबाईवर आलं आणि तीही पंचावन्नच्या घरात होती. तिचा बाजार सुटू लागला. एक दिवस भरवताना तो तुटक तुटक म्हणाला, "तू सांगतलं असतंस... तर तंबाखू... सोडली असती."

"नसती सोडली," गुणाबाई म्हणाली आणि पुढचा घास दिला.

त्याला एकटीला उचलणं तिला जमेना. किशोरी आठवड्यातून एकदा यायची, बापाला अंघोळ घालायची आणि आईशी न बोलता जायची. कोळीवाड्यातलं कुणी उंबऱ्याच्या आत येत नव्हतं. मग एका सकाळी गुणाबाई करंज्याला गेली. चंद्राला परत बोलवायला. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला ऐकवेना. पण ती सरळ सांगत होती.

चंद्रा भावाच्या घराच्या मागे वेगळ्या खोपटात राहत होती. धक्क्यावर करंदी सोलायला जायची. गुणाबाई गेली तेव्हा ती आणखी पाच-सहा बायकांबरोबर ढिगापाशी बसली होती. गुणाबाईला बघून ती उठली, हात धुतले, तिला सावलीत बसवलं, चहा करून आणला. बायकांनी विचारलं, ही कोण?

"पनवेलच्या," चंद्रा म्हणाली. "मी सहा वरसं यांच्या घरात कामाला होते."

गुणाबाईनं चहा प्याला. काशिराम पडलाय, एकटीनं होत नाही, असं सांगितलं. चंद्रानं ऐकून घेतलं. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. कप उचलला, विसळून पालथा घातला आणि ढिगापाशी जाऊन पुन्हा सोलायला बसली. बायकांच्या गप्पा चालू होत्या, त्यात तिनंही काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. गुणाबाई सावलीत थोडा वेळ बसून राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की आता कुणी तिच्याशी काही बोलणार नाही.

ती दुपारच्या एसटीनं परत आली. घरात शिरली तेव्हा काशिरामनं अंथरूण ओलं केलं होतं आणि तो तिची वाट बघत होता. तिनं पाणी तापत ठेवलं.